पहिल्या ओळीतले अण्णासाहेब

'फायरवॉल' या शब्दाचं मराठी भाषांतर करू नये. आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात ते एकदा झालं आणि थेट फ्लेक्सवर छापलं गेलं: 'अग्निभिंतीच्या नूतन आवृत्तीचा भव्य लोकार्पण सोहळा'. फ्लेक्सवर संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे अण्णासाहेबांचा, फोटो होता. ते आकाशाकडे बघत होते. भिंतीचा फोटो नव्हता, कारण तो कुठून आणणार?

प्रमुख पाहुणे नारळ हातात घेऊन आमच्या संगणक कक्षात आले. त्यांनी चारी भिंती नीट पाहिल्या.

"पठाण सर, यातली नवी कोणती?"

मी टेबलाखाली ठेवलेला एक जुना संगणक दाखवला. त्याला मॉनिटरसुद्धा नव्हता. नुसता डबा, मागून दोन वायरी, पुढे एक हिरवा दिवा.

"एवढीच?" पाहुणे म्हणाले. त्यांना फसवल्यासारखं वाटलं असावं. शेवटी नारळ बाहेरच्या पायरीवर फुटला, कुंकू डब्याला लागलं, आणि त्यातलं थोडं पंख्याच्या जाळीतून आत गेलं. माझ्या कामाचा जाहीर गौरव नोकरीत एकदाच झाला तो असा, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या संस्थेचे संस्थापक गुरुजी वारले. ते जिवंत होते, ही गोष्ट पुढे सांगतो.

मी या कॉलेजातल्या संगणकांची देखभाल करायचो. घरी दखनी, शाळेत मराठी आणि मशीनशी इंग्रजी, अशा तीन भाषांवर माझं पोट चाललं. बाहेरच्या माणसाला माझं काम सांगायचं तर जिल्ह्याच्या हद्दीवर गाड्या तपासणाऱ्या कनेरगाव नाक्याचं उदाहरण पुरतं. कॉलेजात संगणक पुष्कळ, पण बाहेरच्या जगाशी जोडणारी इंटरनेटची लाइन एकच. त्या लाइनवर, सगळ्यांच्या मध्ये, तो हिरव्या दिव्याचा डबा. आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक वाहन तो थांबवतो, हातातल्या नियमांशी ताडून बघतो, आणि सोडतो किंवा परत पाठवतो. याला फायरवॉल म्हणतात. आमची फायरवॉल फुकटची होती. जगभरातली माणसं मिळून ती बनवतात, आतली सगळी रचना उघडी ठेवतात, कुणीही वाचावी, सुधारावी, वापरावी.

हे 'फुकट' आणि 'उघडं' संस्थेचे कार्यवाह माधवराव यांच्या पचनी कधी पडलं नाही.

"फुकट देऊन राहिलेत म्हणता. मग त्यांचा फायदा काय?"

"काही नाही."

"मग काहून देतात? अन् रचना सगळ्यांना दिसते म्हणता, तर चोरालाही दिसत असंल की."

"कुलूप कसं बनतं ते चोराला ठाऊकच असतं, माधवराव. चावी आपल्याकडे राहते."

"हां," ते म्हणाले, पण हे 'हां' संमतीचं नव्हतं.

जिल्हा नवा झाल्यापासून आमच्याकडे सगळ्या गोष्टी जिल्हास्तरीय झाल्या होत्या. पूर्वी आमचा जिल्हा परभणी, तिकडे बघून चालायचं. आता आपणच परभणी. तेव्हा माधवरावांचा सगळा वेळ मानक्रमात जायचा. पत्रिकेत कुणाचं नाव वर, व्यासपीठावर कुणाची खुर्ची मधे, हार आधी कुणाला. त्यांचं यात चुकल्याचं मला आठवत नाही. एकदा त्यांनी फायरवॉलच्या नियमांचा छापील कागद मागितला. संस्थेत चाललंय काय ते कार्यवाहाला कळलं पाहिजे, म्हणून. कागद वाचता वाचता ते एकदम उठून उभे राहिले.

"पठाण! साहेबांचं मशीन ग्रंथालयाच्या खाली?"

"माधवराव, तो मशीनचा क्रम आहे. त्यात मान-अपमान नाही."

"लिहिलं की मान आलाच. पहिल्या ओळीत साहेब. मग मी... म्हणजे कार्यवाह. मग प्राचार्य. बाकीचे त्यांच्या त्यांच्या जागी."

मी तसा क्रम लावून दिला, कारण त्यावेळच्या आवृत्तीत त्याने काहीही बिघडत नव्हतं. ती आवृत्ती नियम वरपासून खालपर्यंत सगळे वाचायची आणि लागू पडणाऱ्यांपैकी जो शेवटी असेल त्याचं ऐकायची. पहिली ओळ म्हणे, 'अण्णासाहेबांच्या मशीनला कशासाठीही अडवू नका.' डबा ते वाचायचा, मान डोलवायचा आणि पुढे जायचा. अगदी शेवटची ओळ म्हणे, 'कोणत्याही मशीनने थेट बाहेर ईमेल धाडायची नाही; सगळी डाक आपल्या डाकेच्या मशीनमधून तपासून जाईल.' ही शेवटची, म्हणून हीच खरी. साहेबांना मान मिळाला होता आणि बंदोबस्तही शाबूत होता. इतका स्वस्त तह मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

साहेबांना हे कधी कळलं नाही, कारण साहेब त्या मशीनला हात लावत नसत. शिपाई रोज सकाळी ते सुरू करायचा, मॉनिटरला उदबत्ती ओवाळायचा, आणि मग पडद्यावर दिवसभर स्क्रीनसेव्हरचे मासे पोहायचे. केबिनमध्ये कुणी आलं तर काम चालू दिसलं पाहिजे, असा साहेबांचा आदेश होता. माधवरावांच्या आणि प्राचार्यांच्या मशीनवर तर कंपनीने दिलेलं प्लॅस्टिकचं झाकण अजून तसंच होतं.

साहेबांच्या मशीनवर खरं काम करायची ती सुजाता खिल्लारे. कॉलेजची संगणक चालक. मराठी टायपिंगचा फॉन्ट फक्त त्याच मशीनमध्ये घातलेला होता, म्हणून साहेब नसतील तेव्हा ती केबिनमध्ये बसून पत्रं, अहवाल, भाषणं टाईप करायची. मूळची कनेरगाव नाक्याची. हिंगोलीत एक खोली भाड्याने घेऊन धाकट्या भावाला आणि बहिणीला शाळेसाठी जवळ आणलेलं. नोकरी हंगामी. दर वर्षी नवा आदेश निघायचा, आणि निघेपर्यंत तिचा जीव टांगणीला. त्या वर्षी संचालक मंडळाच्या बैठकीत तिला कायम करायचा विषय होता. झाली तर तिघं हिंगोलीत राहणार. नाही झाली तर दोघांची शिक्षणं गुंडाळून तिघं परत नाक्यावर. हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं, आणि ती स्वतः कधी त्याबद्दल बोलत नसे.

तर ती नवी आवृत्ती. जुनीचे कर्ते जाहीर करून मोकळे झाले होते की यापुढे आम्ही हिची डागडुजी करणार नाही. नवी घेणं भाग होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ती चढवली. जुने नियम नव्या घरात नेणारा एक छोटा कार्यक्रम सोबत येतो. त्याने वचन दिलं की सगळे नियम जसेच्या तसे, त्याच क्रमाने नेईन. आणि त्याने ते पाळलं. मी विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतली मशीन तपासली, ग्रंथालय तपासलं. जे सुटायला हवं ते सुटत होतं, जे अडायला हवं ते अडत होतं. माधवरावांना एवढंच सांगितलं की नवी आवृत्ती बसली. त्यांनी लगेच फ्लेक्सवाल्याला फोन लावला; दुसऱ्या दिवशी सोहळ्याच्या धांदलीत साहेबांची केबिन कुणी उघडलीच नाही.

सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळमनुरीच्या एका वार्ताहराचा फोन आला.

"पठाण सर, बातमी फार वाईट आली. गुरुजींचा अंत्यविधी किती वाजता? बाळापुरातच का?"

मी खाली बसलो. खुर्ची मागे होती म्हणून बरं. गुरुजी म्हणजे ज्यांनी ही संस्था काढली ते. वय झालेलं, महिन्यापूर्वी नांदेडला दवाखान्यात होते, नंतर आखाडा बाळापूरला घरी परतले होते. मला नोकरी त्यांनीच दिली. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, सध्या काय वाचता म्हणून. मी फोन ठेवला. बाहेर घंटा वाजली. प्राचार्यांनी सुट्टी दिली होती. पोरं गंभीर तोंडं करून गेटापर्यंत गेली आणि गेटाबाहेर आनंदाने पांगली. हॉलमध्ये माधवराव सतरंज्या टाकायला लावत होते.

तेवढ्यात सुजाता आत आली.

"सर, गुरुजी गेले म्हणून राहिलेत सगळे."

"हो. आत्ताच फोन आला."

"पण सर, मजकूर माझा हाय."

मला कळेना. ती दाराला धरून उभी होती.

"एका पेपरवाल्यानं मला फोन केला. म्हणला, तुमचा मेल भेटला, दोन शब्द नीट लागंना गेलेत. अन् वाचून दाखवून राहिला, 'शिक्षणाचा वटवृक्ष उन्मळून पडला'. सर, ते मी टाईप केलतं. मागच्या महिन्यात. गुरुजी दवाखान्यात व्हते तवा अण्णासाहेब म्हणले, तयार ठेव, ऐनवेळी घाई व्हते."

"मग आज तू ते पाठवलंस?"

"मी कशाला पाठवू? मी तर आत्ता येऊन राहिले!"

मग मी बाळापूरला गुरुजींच्या घरी फोन लावला. सूनबाई घेतील, रडारड ऐकू येईल, म्हणून मनाची तयारी केली. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"कोण?"

तो आवाज मी पंचवीस माणसांत ओळखला असता.

"अरे कोण हाय? बोला की."

"गुरुजी... मी पठाण."

"बोल पठाण. काय काम काढलं?"

"काही नाही. तब्येत कशी आहे?"

"बरी हाय. भाकर खाऊन राहिलो. तू काहून असा बोलायलास? अन् एक सांग, बाहेर दोन जीपा येऊन थांबल्यात. माणसं हार घेऊन उतरून राहिलीत. आज काय हाय रे? माझा वाढदिवस तर न्हाई."

मी रिसीव्हर सुजाताच्या कानाला लावला. तिने गुरुजींचा आवाज ऐकला आणि तिथेच जमिनीवर बसून ती रडायला लागली. मघाशी वारल्याचं ऐकून ती रडली नव्हती.

गुरुजी जिवंत आहेत हे मी हॉलमध्ये जाऊन माधवरावांना सांगितलं, तेव्हा ते गुरुजींच्या फोटोला हार घालत होते. हार हातात, फोटो समोर, आणि त्यांना कळेना की आता हार कुठे ठेवावा. "पण साहेब तर निघालेत," ते म्हणाले. "पुष्पचक्र घेऊन. कळमनुरीच्या पुढं गेले असतील."

"साहेबांनी खात्री केली नाही?"

"साहेबांनी पेपरवाल्याकडून फोनवर मेल वाचून घेतला. म्हणले, मजकूर बराबर वाटून राहिला."

बराबर वाटणारच. तो त्यांनीच सांगितलेला होता.

मी परत कक्षात आलो आणि डब्यात डोकावलो. आमची बिचारी लाइन ईमेलनी तुंबली होती, आणि सगळी डाक एकाच मशीनमधून येत होती. साहेबांच्या. केबिनमध्ये गेलो. उदबत्ती अर्धी जळलेली, पडद्यावर मासे पोहत होते, आणि त्या माशांच्या मागे बसून एक किडा शांतपणे काम करत होता. संगणकातला किडा म्हणजे कुणीतरी खोडसाळपणे लिहिलेला कार्यक्रम. या जातीचा किडा मशीनमधली हाताला येईल ती फाईल उचलतो आणि पत्त्यांच्या वहीत जितके पत्ते असतील तितक्यांना धाडतो. सोबत इंग्रजीत एक ओळ स्वतःची जोडतो. आमच्या किड्याने जोडलेल्या ओळीचा अर्थ असा होता: 'सोबतची फाईल जरूर पाहा आणि आवडली का ते कळवा.'

म्हणजे गुरुजींची श्रद्धांजली अर्ध्या मराठवाड्याला अभिप्रायार्थ गेली होती.

त्यातही आणखी एक क्रूर गंमत. तो मराठी फॉन्ट ज्यांच्याकडे नव्हता त्यांना फाईलमध्ये नुसती उलटीसुलटी चिन्हं दिसली, त्यांनी ती पुसून टाकली. आमच्या पत्त्यांपैकी तो फॉन्ट होता फक्त पेपरवाल्यांकडे. ज्यांनी वाचायला नको होतं, तेवढ्यांनाच वाचता आलं.

मी मशीनची वायर उपटली. मग किड्याच्या फाईलवरची तारीख पाहिली. तो काही काल आलेला नव्हता. बराच काळ आमच्या घरात राहत होता. रोज शिपाई ओवाळायचा, रोज तो उठून बाहेर जायला बघायचा, आणि रोज जुनी आवृत्ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्याला परत पाठवायची. किती वेळा परत पाठवलं ते सांगायची तिला सवय नव्हती. आम्ही समजत होतो की भिंत बाहेरच्या चोराला रोखते. ती आतल्याला कोंडून बसली होती.

मग नव्या आवृत्तीने त्याला सोडलं कसं? नियम तेच, क्रम तोच. मी कागद पुढे घेऊन एकेक ओळ वाचत गेलो, आणि पहिल्याच ओळीवर माझं बोट थांबलं.

नव्या आवृत्तीत ऐकायची रीत बदलली होती. जो नियम आधी लागू पडेल तो अखेरचा. पुढचं वाचायचंच नाही. डब्याने पहिली ओळ वाचली, 'अण्णासाहेबांच्या मशीनला कशासाठीही अडवू नका', आणि फाटक उघडलं. बंदोबस्ताच्या शेवटच्या ओळीपर्यंत तो पोहोचलाच नाही. प्रयोगशाळेला नि ग्रंथालयाला काही फरक पडला नव्हता, कारण त्यांना सूट कुणी दिलीच नव्हती. बदल फक्त मानकऱ्यांना लागू झाला, आणि मानकऱ्यांपैकी एकाचंच मशीन झाकणाबाहेर होतं. इतकी वर्षं साहेबांचा मान नुसता कागदावर होता. नव्या आवृत्तीने तो पहिल्यांदाच खरा मानला, आणि त्याचा पहिला लाभार्थी किडा निघाला.

मी पुष्कळ वाचलेलं आहे, इतिहास तर विशेष. मानापायी किल्ल्याचे दरवाजे उघडे राहिल्याच्या गोष्टी मला ठाऊक होत्या. आपल्या टेबलाखाली तसं घडेल असं कधी वाटलं नव्हतं.

आता साहेबांची ओळ खाली न्यायची होती. मी माधवरावांना बोलावलं.

"शेवटी?" त्यांचा आवाज चिरकला. "साहेबांचं नाव शेवटी? पठाण, तुमाला इथं काम करायचंय ना?"

"नाहीतर हे पुन्हा होईल. पुढच्या वेळी कोणती फाईल जाईल सांगता येत नाही."

त्यांच्या डोळ्यांपुढे कोणकोणत्या फायली आल्या कोण जाणे, पण ते घामाघूम झाले. तरीही मान हलेना. तेव्हा मला सुचलं.

"माधवराव, कार्यक्रमात अध्यक्ष कधी बोलतात?"

"शेवटी. अध्यक्षीय समारोप."

"आधी कोण बोलतं?"

"आधी काय, कुणीबी बोलतं. प्रास्ताविकवाले."

"मग? इतकी वर्षं आपण साहेबांना प्रास्ताविकाला उभं केलं होतं."

त्यांनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. मग चेहरा उजळला. "हां. मग बराबर. टाका शेवटी. अन् माझं त्यांच्या एक वर."

शेवटच्या वक्त्याचं हा नवा डबा ऐकतच नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. आमच्या सभांतले श्रोतेही ऐकत नाहीत, आणि अध्यक्षांची त्याबद्दल तक्रार नसते.

भिंत दुरुस्त झाली. पण तिकडे बाळापुरात अण्णासाहेब पुष्पचक्र घेऊन गाडीतून उतरले होते आणि ओट्यावर बसलेल्या गुरुजींनी त्यांना विचारलं होतं, "या. हे कुणासाठी?" बघणारे सांगतात की साहेबांनी ते चक्र ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि 'तब्येत बघायला आलो' म्हणाले. अशी फजिती झालेला माणूस परत येतो तेव्हा त्याला कुणीतरी लागतं. संचालक मंडळाची बैठक ठरल्या दिवशी झाली. सुजाताला कायम करण्याचा विषय होता, त्या जागी तिला काढून टाकण्याचा विषय आला.

बैठकीला गुरुजी आले होते. ते पदावर नव्हते. अण्णासाहेब अध्यक्ष झाल्यापासून दोघांत बोलणं जेमतेमच होतं. काठी टेकत आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. कुणी बोलावलं होतं का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. मला आणि सुजाताला खुलाशासाठी उभं केलं होतं.

"हा मजकूर टाईप कोणी केला?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"मी, साहेब," सुजाता म्हणाली.

"बस. दुसरं काही विचारायचं न्हाई. माधवराव, ठराव लिहा."

मी मधे बोललो. किडा काय असतो, नियमांचा क्रम काय असतो, जुनी रीत आणि नवी रीत, सगळं सोपं करून सांगितलं. मेल माणसाने पाठवलेला नाही, हे पुराव्यानिशी मांडलं.

"म्हणजे दोष माझा?" अण्णासाहेब म्हणाले.

"दोष मानाचा, साहेब. तुमच्या मशीनला सूट होती."

"अन् माझ्या मशीनवर बसतं कोण?" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "हीच ना? मग किडा आणला कुणी? हिनंच!"

सगळ्यांच्या माना हलल्या. तिला सोडवायला मी जी वस्तुस्थिती आणली, तिचाच दोर करून त्यांनी तिच्या गळ्यात घातला होता. खरं काय ते नीट मांडलं की पुरतं, असं मी तोवर समजत आलो होतो. माधवरावांचं पेन चालू झालं होतं.

"साहेब," सुजाता म्हणाली. आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "तयार ठेव म्हणून तुमीच सांगितलतं."

पेन थांबलं. हे गुरुजी सोडून त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते गुरुजींसमोर कुणी उच्चारू नये म्हणूनच तर तिला काढायचं होतं.

"काय तयार ठेव?" कोपऱ्यातून गुरुजींनी विचारलं.

माधवराव पुढचे कागद सारखे करू लागले.

"पोरी, तुला विचारून राहिलो. काय तयार ठेव म्हणला हा?"

"तुमची श्रद्धांजली, गुरुजी."

गुरुजींनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"मी आयकली न्हाई ती. लोकं हार घालून गेले, पण वाचून कुणी दाखवली न्हाई. हाय का इथं? वाच."

पुराव्यासाठी काढलेली प्रत माधवरावांपुढेच होती. सुजाताने ती उचलली. तिने अण्णासाहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. वाचायला लागली. वटवृक्ष उन्मळला, अनाथ झालो, वगैरे नेहमीचं आधी होतं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. "गावोगाव पायी न्हाई. सायकल व्हती. पुढं चल." कुणालातरी हसू आलं, ते खोकल्यात गेलं. मग मजकुराचा सूर बदलला. पुढचं वाक्य टाईप करताना सुजाताला काही वाटलं नसेल, पण वाचताना ती अडखळली: 'माझी फी भरायची राहिली तेव्हा मला वर्गाबाहेर न काढणारा माणूस आज गेला. त्यानंतर मी पुष्कळ मोठा झालो, पण त्यांच्यासमोर बसायचं धाडस मला झालं नाही.'

गुरुजींनी डोळे उघडले.

"अण्णा, हे तू सांगितलं लिहायला?"

अण्णासाहेबांनी मान डोलावली. फ्लेक्सवर आकाशाकडे बघणारा तो माणूस टेबलाकडे बघत होता.

"मग हे मला काहून सांगितलं न्हाई? एवढे साल झाले, मी बाळापुरातच व्हतो की."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. त्यांना मी आयुष्यभर उपहासानेच पाहिलं होतं. त्या घटकेला मला कुठे बघावं ते कळेना.

गुरुजी काठीवर रेलून उठले. "ही पोरगी चांगलं वाचते. मी खराच जाईन तवा हिनंच वाचायचं. तवर हिला इथून हलवायचं न्हाई. माधव, लिही ठराव."

माधवरावांनी लिहिलं. त्यांच्यापुढे शब्दांचा पेच होता, कारण 'निधनापर्यंत' असं लिहिणं अशुभ. शेवटी 'गुरुजींच्या हयातीत सदर कर्मचारी सेवेत राहतील' असं लिहिलं, आणि मंडळाने ते एकमताने मंजूर केलं. ज्या किड्याने गुरुजींना मारलं त्याच्यामुळेच एका मुलीची नोकरी त्यांच्या आयुष्याला बांधली गेली. स्टाफरूममध्ये तिची चेष्टा चालायची: "सुजाता, थंडी पडली, गुरुजींना स्वेटर पाठव." ती हसायची, आणि खरंच बाळापूरला जाऊन औषधं संपली का ते बघून यायची. गुरुजी पुढे बरीच वर्षं जगले. मधल्या काळात तिचा कायम आदेश कधी निघाला ते कळलंही नाही, त्याचा सोहळाही झाला नाही. भाऊ-बहीण शिकले. अण्णासाहेब महिन्यातून एकदा बाळापूरला जायला लागले, पुष्पचक्राशिवाय. दोघं काय बोलायचे, मला माहीत नाही.

मग गुरुजी खरोखर गेले. कॉलेजच्या मैदानावर मंडप पडला, जिल्ह्यातून माणसं आली. ठरावाप्रमाणे माधवरावांनी सुजाताचं नाव पुकारलं. ती व्यासपीठावर गेली. कागद हातात होता, घडी न उलगडलेला.

"हे सगळं मी गुरुजींना एकदा वाचून दाखवलंय," ती म्हणाली. "त्यांनी आयकलंय."

आणि खाली येऊन बसली.

मंडपात कुणी हललं नाही. माधवरावांनी पुढे होऊन माइकवर बोटाने टकटक करून पाहिलं. तो चालू होता.